डावा ठोका

रात्री दोनला पंप लंगडायला लागला.
ठक — फुस्स. ठ — फुस्स.
उजवा पाय टाकावा आणि डावा ओढावा,
तसा.

मिरजोळ्याच्या कॅनिंगमध्ये तेव्हा
दोन हजार लिटर रस टाकीत,
आणि केटलच्या पलीकडे बायका रिकामे डबे घेऊन उभ्या.
"सरोज, बघ गं!"
जसा काही तो श्वास मीच घेत होते.

ह्या पंपाला वीज कळत नाही, नुसती हवा कळते.
दोन पोटं, दोन रबरी पडदे,
मधे एक दांडा,
ह्या पोटातला निरोप त्या पोटात नेणारा.
पुढचा कॉक बंद केला तर मुकाट थांबतो,
उघडला की चालू,
मनात काही न ठेवता.
हे मला दाऊद मजगावकरांनी सांगितलं,
मी कोया वेचायला होते त्या साली.
"मोटर जळते गो. हा जळत नाय. दमतो."

आधी काटा बघितला. साडेपाच.
मग फिल्टरची वाटी. अर्धी पाण्यानं.
खाडीवरचा वारा कॉम्प्रेसर गिळतो
आणि पाइपाला आतून घाम फुटतो.
वाटी सोडली. पाणी पायांवर आलं, कोमट.
मग सायलेन्सर.

मे महिना. पाठीला चिकटलेला एप्रन.
पत्र्याखाली झोपलेलं कुत्रंसुद्धा धापा टाकतंय,
आणि सायलेन्सरवर
चक्क बर्फ.
पांढरा, भुसभुशीत, बोटभर जाड.
कुणी बघत नाही असं बघून
एक खपली मानेवरनं फिरवली.
मग गरम फडकं गुंडाळलं.
घसा मोकळा झाला.
पण चाल तीच.
ठक — फुस्स. ठ — फुस्स.

तेव्हा फोन लावला.
एका रिंगमध्ये उचलला. चाचा हल्ली झोपत नाहीत,
भिंतीला उशी लावून रात्र बसून काढतात.
"बोलू नको. पंपाला लाव."
लावला. मोजले असतील त्यांनी दहा ठोके.
"डाव्या अंगाचा वरचा गोळा बसत नाय.
ढकललेला रस मागं येतोय.
रेषा अडकलीय."
मग थोडं थांबून,
"हापूसला कसली गो रेषा?
रायवळ मिसळतोय काय तुझा मालक?"

मी गप्प.
शेजारी लेबलांचा गठ्ठा, सोनेरी अक्षरांत
हापूस, हापूस, हापूस.

"हवा बंद कर. मग अडकलेली सोड. मगच पाना.
विसरलीस तर माझं बोट आठव."
ते अर्धं बोट कोण विसरेल.

हवा बंद केली. सोडली. शेवटचा सुस्कारा संपेपर्यंत थांबले.
चार बोल्ट. वरची नळी उचलली.
गोळा बाजूला कलंडलेला, आणि त्याच्या बैठकीत
न्हाणीच्या जाळीत केस अडकावेत तसा
पिवळा गुंता, कोयीच्या सालीच्या चिपेसकट.
काढला. गोळा धुतला, बोट फिरवून बघितला,
ओरखडा नाही.
बोल्ट समोरासमोरचे आवळले, चाचांच्या पद्धतीनं,
एक हा, एक तो, थोडे थोडे.

हवा हळू सोडली.
आधी फेस. मग एक ढेकर. मग रस.
ठक फुस्स. ठक फुस्स.
केटलकडून कुणीतरी डबा वाजवला.

"हां," फोनमधून आलं. "आता दोन्ही पाय."

आणि मग तो बोलेना, ठेवेना.
मी कानाला लावून उभी.
त्यांचा श्वास ऐकू येत होता.
आत घेतलेला पुरा,
बाहेर टाकलेला मधेच अडकणारा.
"डॉक्टर काय म्हणाला चाचा?"
"पडदे जुने झाले म्हणतो.
ह्या मॉडेलचं किट येत नाय आता."
हसले. हसताना खोकला आला.
मला वाटी शोधावीशी वाटली, सोडायला.

सकाळी मालक येण्याआधी
तो गुंता त्याच्या वहीवर ठेवला.
उन्हानं वाळून
फुलवातीसारखा झाला होता.
"हे काय?"
म्हटलं, "पंपात निघालं.
आंब्याचंच आहे."